न निवडलेल्या वीस तारल्या

"तांडेलकाका, याही आठवड्यात एकाही तारलीच्या पोटात अंडी नाहीत," मासळीचा अभ्यास करणाऱ्या बाई चिरलेले मासे ओळीने मांडत म्हणाल्या.

"आमच्या तारल्या बाळंतपणाला माहेरी जातात, बाई," मी म्हणालो. सगळं बंदर हसलं.

बाई दर आठवड्याला माझ्या जाळ्यातल्या वीस तारल्या मागायच्या, आणि त्याही न निवडलेल्या. ज्या महिन्यात अंडी सापडतील, त्या महिन्यात जाळी बंद ठेवा, असं त्या सरकारला कळवणार होत्या. मी मात्र पोटं चाचपून गाभोळीच्या, म्हणजे अंडी भरलेल्या, तारल्या आधी घरी धाडायचो. आमची बायको ती गाभोळी अशी खरपूस भाजायची, की वासाने टेकडीवरचा दीपस्तंभसुद्धा आमच्या दाराकडे वळायचा. रिकाम्या पोटाच्या उरायच्या, त्या बाईंना.

त्यांनी जे पाहिलं तेच लिहिलं. भाद्रपदात, म्हणजे ऐन अंड्यांच्या महिन्यात, जाळी चालूच राहिली, आणि दरवर्षी आम्ही तारली अंड्यांसकट ओढत गेलो.

सहा वर्षांनी बाई परत आल्या, तेव्हा माझ्या टोपलीत एकच तारली होती. निवडायला काही उरलंच नव्हतं. बाईंनी ती चिरली. पोट गाभोळीने गच्च भरलेलं.

"भाद्रपदात अंडी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग तेव्हा माझं चुकलं कुठे, काका?"

बंदरावरचे सगळे माझ्या नेहमीच्या थापेची वाट बघत होते.

"तुमचं नाही चुकलं, बाई. अंडीवाल्या सगळ्या मी खाल्ल्या."

सगळं बंदर पुन्हा हसलं. बाईंनी मात्र सुरी हळूच खाली ठेवली.