कस्तुराचा खोकला

पाखरं संपवलीत तुम्ही साहेबलोकांनी, आणि वर आम्हा पक्षीमित्रांकडूनच ती मोजून घेता!

आंबोलीच्या ओढ्याकाठी पक्षीगणनेला आलेल्या भास्कर गावडेंना शीळ ऐकू आली. "शीळकरी कस्तूर! आहे रे अजून!" ते म्हणाले.

"लिहा ना सर, रोज गातो," वनरक्षक राऊळ म्हणाला.

शीळ पुन्हा आली. तिच्या शेवटी बाईचा खोकला होता. गावडे थिजले. ही शीळ कधीकाळी त्यांनीच इथं टेपवर टिपून वनखात्याला दिली होती, आणि टिपताना शेजारी बसून खोकली होती त्यांची बायको सुनंदा. ती जाऊनही वर्षं झाली.

त्यांनी फांदी वाकवली. पानांआड स्पीकरचा काळा डबा वाजत होता. पुढच्या झाडावरही तसाच.

राऊळनं मान खाली घातली. "वरून हुकूम आहे, सर. गणनेत आकडा घटता कामा नये."

गावडे डब्यावरच ओरडले, "खोकला माझ्या बायकोचा आहे. पाखरू कुठाय? बोला, कुठाय?"