चौथ्या पट्ट्याचा अलार्म

सकाळपासून सुशील एकतीसदा पडला होता. गादीवरच, पण शेचाळीस वर्षांच्या कमरेला ते कोण समजावणार? मनगटावरचा पट्टा मात्र एकतीसही वेळा इमानदारीत वाजला.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठीचं हे यंत्र. माणूस पडला की पट्टा ओरडणार, घरच्यांना फोन जाणार. सुशील कामाला होता त्या नागपूरच्या मिहानमधल्या छोट्या कंपनीनं पाच पट्टे चाचणीसाठी पाच घरी दिले होते. बाकीचे गुणी निघाले. महाल या जुन्या वस्तीतल्या सिंधूताईंचा चौथा पट्टा तेवढा रोज एकदा तरी वाजायचा. वाजला की सुशीलनं फोन करून विचारायचं, असा नियम होता.

"मावशी, पडल्या का?"

"नाही गा बाबू. चांगली उभी आहो. कपडे आपटून राहिली होती." मग आवाज खाली यायचा. "पुण्याले फोन गेला का?"

गेलेला असायचाच. पुण्याचा मुलगा घाबरून जायचा आणि 'आता एकटी राहू नको, इकडेच ये' म्हणून आईच्या मागे लागायचा. सुशीलला बिचारीची दया यायची. वहीत तो लिहायचा, खोटा अलार्म.

"सुशीलभाऊ, शुक्रवारपर्यंत खोटा अलार्म बंद झाला पाहिजे," मिनल म्हणाली. ती टीमची प्रमुख, वयानं लहान, पण झोप तिचीही उडालेली. "नाही तं मालक हे कामच बंद करून राहिले. मग आपण सारे घरी."

"सेन्सर बदलला, बॅटरी बदलली. आता काय मी कपडे धुऊ?"

"धुवा ना मग."

झालं. भर दुपारी कंपनीच्या गच्चीवर हा गृहस्थ ओली चादर कठड्यावर आपटत उभा. वीसदा आपटली, खांदा भरून आला आणि पट्टा तीनदा वाजला. सुशील तिथंच फतकल मारून बसला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

पुढचं काम सरळ होतं. सिंधूताईंच्या पट्ट्यात नोंदलेले सगळे धक्के त्यानं काढले आणि सॉफ्टवेअरला शिकवलं की असा धक्का आला तर गप्प राहायचं. मग पुन्हा गादीवर पन्नासदा पडून पाहिलं. पन्नासही वेळा पट्टा वाजला. नवं सॉफ्टवेअर पाचही पट्ट्यांत गेलं.

बुधवारी चौथा पट्टा गप्प. गुरुवारीही गप्प. शुक्रवारी सकाळी मिनलनं सही केली आणि विक्रीच्या पट्ट्यांची पहिली खेप गाडीत चढली. सुशीलला वाटलं, घरी जाऊन दोन दिवस नुसतं पडून राहावं, पण कोणताही पट्टा न बांधता.

जाता जाता अभिप्रायाचा कागद भरून घ्यायला तो महालात थांबला. सिंधूताईंनी चहा टाकला, बळंच चिवडा खाऊ घातला आणि कागदावर सावकाश सही केली.

"आता काही त्रास नाही ना मावशी?"

"नाही गा, लय गुणाचा केला तू त्याले," त्या समाधानानं म्हणाल्या. "काल दोनदा पडली मी न्हाणीत, पण एकदाबी वाजला नाही."