सरकार आले की

जहागीरदार घराण्याच्या ऱ्हासावरच्या जुन्या कादंबरीवरची मालिका टीव्हीवर सुरू होती. पडद्यावर जहागीरदार सरकार आले, तसे दौलतराव हुजरे उठून उभे राहिले. उभा जन्म जहागीरदारांच्या चाकरीत काढलेला माणूस. धन्यासमोर बसणं ठाऊकच नव्हतं.

सरकार दोन वाक्यं बोलून निघून गेले.

"रोज सरकारांचं काम कमीच करतात मेले!" दौलतराव चिडले.

"आजोबा, हा नवा टीव्ही बघणाऱ्याकडे बघूनच गोष्ट बदलतो," नात केतकी म्हणाली. "तुम्ही उठलात की त्याला वाटतं, कंटाळलात. अशानं तो सरकारांना मारूनच टाकेल."

दुसऱ्या दिवशी सरकार आले. दौलतरावांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"माफी असावी, सरकार," ते पुटपुटले. "आपण राहावं म्हणून बसलोय."