चेंबरचा बोल्ट

सुपडूने दोन्ही पाय धरले आणि त्या माणसाला ट्रकखालून खसकन ओढलं.

"वढू नका, भाऊ! वढू नका!" माणूस आतून ओरडत होता.

सुपडूने आणखी जोर लावला. माणूस बाहेर आला आणि त्याच क्षणी इंजिनच्या चेंबरमधून अंगठ्याएवढी धार भळाभळा मातीवर कोसळली. कढत तेल. वाफ निघत होती.

आता आणखी कोणता पुरावा हवा होता? टायर ठोकून बघायला घेतलेली लोखंडी टॉमी त्याने उचलली. त्या माणसाने तेलाने माखलेला हात वर केला. टॉमी त्याच हातावर बसली. टक् असा आवाज आला. दुसरा घाव खांद्यावर. तिसरा बरगडीत.

"चोट्ट्या! भरदुपारी तेल काढतो? माह्याच गाडीचं?"

पारोळ्याच्या अलीकडचा तो धाबा. जेवणारे ड्रायव्हर ताटं टाकून धावले. तेलचोर म्हटल्यावर कुणाला काही विचारायची गरज उरली नाही. एकाने लाथ घातली, दुसऱ्याने कमरेचा पट्टा काढला. माणूस घुसळणीतल्या रवीसारखा इकडून तिकडे फिरत होता. तोंडातून रक्त येत होतं. त्याला काहीतरी सांगायचं होतं, दर वेळी "भाऊ, भोक..." एवढंच बाहेर पडे आणि तोंडावर फटका बसे.

सुपडू तसा मारकुटा नव्हता. बोदवडच्या सप्ताहात पहिल्या रांगेत टाळ घेऊन उभा राहणारा माणूस. बुवांनी नुसता हात वर केला की साठ टाळ एकदम थांबत, आणि सुपडूचा टाळ बावीस वर्षांत एकदाही उगाच वाजला नव्हता. आत्तासुद्धा बाजेवर पडलेल्या त्याच्या मोबाईलमध्ये कीर्तन चालूच होतं. मृदंग रंगात आला होता.

पण गेल्याच महिन्यात याच रस्त्यावर कुणीतरी त्याच्या जुन्या ट्रकचं तेल काढून नेलं होतं. धुळ्याच्या आधीच इंजिन जाम झालं. ही नवी गाडी देताना शेठ म्हणाला होता, "सुपडू, हिचं इंजिन बसलं तर तूही घरी बस." म्हणून तर या गाडीला तो डोळ्यांत तेल घालून जपत होता. नवं तेल पाण्यासारखं पातळ, एकदा भरलं की म्हणे ऐंशी हजार किलोमीटर बघायचं नाही. त्याला ते पटत नव्हतं. परवा जळगावच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पहिल्या सर्व्हिसला तेल बदललं, तेव्हाही तो ट्रकशेजारी उकिडवा बसून होता. तेलाच्या चेंबरचा बोल्ट आवळला तो मयुरी नावाच्या एका मेकॅनिक पोरीने. तिच्या पान्यातून बारीक आवाज आला आणि तिने लगेच हात काढला.

"झालं?" सुपडू हसला. "पोरी, जेवली नाहीस का?"

"काका, हा पाना टक् म्हणाला की थांबायचं. हा चेंबर लोखंडाचा नाही, ॲल्युमिनियमचा आहे. जास्त जोर केला तर आटे कापले जातात."

यावलला केळी भरताना सुपडू गाडीखाली आडवा झाला. पान्याला हातभर पाइप अडकवला आणि त्या बोल्टला आणखी दीड फेरा दिला. वर आपल्या दंडाकडे बघून म्हणाला, "आता सुरतेपर्यंत यमाच्या बापालाही सुटायचा नाही."

"हटा! हटा रे मेल्याहो!"

धाब्याची मालकीण बेबाबाई पिठाच्या हातांनी गर्दीत घुसली आणि खाली पडलेल्या माणसावर आडवी झाली. पट्टा तिच्या पाठीवर बसला. मग पट्टा थांबला.

"आक्का, चोर आहे तो!" सुपडू धापा टाकत म्हणाला. "चेंबर खोललं त्यानं!"

"चोर शे ते त्याना डबा कोठे शे?"

सगळ्यांनी गाडीखाली पाहिलं. डबा नव्हता. पानाही नव्हता. वीस-बावीस लिटर तेल मातीत पसरून मोरीकडे चाललं होतं.

"हाऊ चैत्राम शे," बेबाबाई म्हणाली. "सकायपाईन मना आठे भांडा घासी राहिना. तुनं तेल गयी राहिनं म्हणी पयत ऊना. तुले हाका मारी मारी थकना. तू बठ्ठा कीर्तनमा!" म्हणजे तेल गळतंय हे पाहून तो पळत आला होता.

तिने चैत्रामचा उजवा हात हलकेच उलटा केला. मनगटाच्या वर तो हात भलत्याच जागी वाकला होता. तळव्याची कातडी भाजून सुटली होती, आणि मधोमध गोल वळ उठला होता. अंगठ्याएवढा, चेंबरच्या भोकाएवढा.

सुपडूच्या कानात आता ते ओरडणं शिरलं. वढू नका, भाऊ.

चैत्रामने डावी मूठ पुढे केली. बोटं उघडायला त्याला वेळ लागला. आत चेंबरचा बोल्ट होता. त्याने आपल्याच अंगातल्या मळक्या सदऱ्याने तो पुसला आणि सुपडूसमोर धरला.

"हात लावताच गळी पडना, भाऊ," तो रक्त गिळत म्हणाला. "हरपायला नको म्हणीसन धरी ठेवना."

सुपडूने बोल्ट घेतला. त्याच्या आट्यांत चांदीच्या तारेसारखा चकचकीत कीस गुंडाळला होता. चेंबरचे आटे. मुळापासून कापलेले.

बाजेवरच्या मोबाईलमध्ये बुवांनी हात वर केला असावा, कारण सगळे टाळ एकदम थांबले.

सुपडूच्या हातातून टॉमी खाली पडली. पहिल्याच घावाला टक् झालं होतं. ते त्याने ऐकलं होतं.