अकराव्या मजल्यावरच्या रेघा

रंगाचा तिसरा हात वाळला, तरी भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघा पुन्हा वर आल्याच.

"मामा, उद्या चावी द्यायचीय आणि तुम्ही अजून याच भिंतीला चिकटलाय?" सुपरवायझर दारातूनच करवादला आणि निघून गेला.

रंगारीमामांनी चष्मा पुसून रेघा मोजल्या. सात. चौथीजवळ शाईचा डाग होता, लहानपणी त्यांच्याच हातून पडलेला.

इमारतीच्या आधी या जागेवर त्यांचं बैठं घर होतं. दर वाढदिवसाला बाबा त्यांना भिंतीशी उभं करायचे, डोक्यावर फूटपट्टी ठेवायचे आणि म्हणायचे, "टाचा टेकव, लबाडा!" तेव्हा उंबऱ्यावरून समुद्र दिसायचा. आता अकराव्या मजल्यावरूनही नुसत्या इमारतीच दिसत होत्या. बाबांना जाऊन तर चाळीस वर्षं झाली.

मामांना हसू आलं आणि डोळेही भरून आले. आसपास कोणी नाही असं बघून ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले. जुन्या सवयीने टाचा कधी उचलल्या गेल्या, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

डोक्यावर काहीतरी सपाट, गार टेकलं आणि हलकेच खाली दाबू लागलं, त्यांच्या टाचा जमिनीला टेकेपर्यंत.