मामावर गेलाय

"मामाच्या मांडीवर बसवा बाळाला," सोनार सोन्याची तार सरळ करत म्हणाला. माझी आईच पुढे झाली. "द्या माझ्याकडे. मामा नाही त्याला."

माझा भाऊ सहा वर्षांचा असताना गेला. दुधाचा दात पडला आणि रक्त थांबलंच नाही. गावाने नशीब म्हटलं. बारशाला माझ्या बाळाच्या गालावर खळी दिसली, तेव्हापासून आई येईल त्याला सांगत होती, "अगदी मामावर गेलाय हो!"

कान टोचून झाले. दुपारी झबल्यावर एक लाल ठिपका दिसला. संध्याकाळी झबलंच भिजलं, तसं आम्ही बाळाला घेऊन हॉस्पिटल गाठलं.

दोन दिवसांनी रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरबाईंनी मला आत बोलावलं. "बाळाला मामा आहे?"

"होता," मी म्हणाले.

मग त्यांनी हळूहळू समजावलं. रक्त न गोठण्याचा हा आजार आईकडून मुलाकडे येतो. माझ्या आईकडून भावाकडे गेला, माझ्याकडून याच्याकडे आला. आम्हा दोघींना त्याने कधी काही केलं नाही. आता इंजेक्शनं निघाली आहेत, पण पोराला जन्मभर जपावं लागेल.

आई बाहेर बाकावर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. तेवढ्यात बाळ झोपेत हसलं आणि खळी पडली. आईने चटकन खळीवर बोट ठेवलं.

"नाही गं," ती म्हणाली. "नीट बघ. बापावरच गेलाय."