ढिगातलं बिऱ्हाड

अकरा मिनिटांचं भाषण संपवून आस्गरने टेंभा पेटवला आणि तेवढ्यात रिग्मोर लाकडांच्या ढिगासमोर जाऊन उभी राहिली.

“पेटवू नकोस.”

साडेनऊ वाजले होते, पण जूनमधल्या डॅनिश संध्याकाळला मावळायची घाई नव्हती. बेचाळीस बागांच्या मंडळाचे झाडून सगळे सभासद मध्य-उन्हाळ्याच्या होळीसाठी हातात गाण्याचे कागद धरून गोल उभे होते. ढिगाच्या टोकावर गवताची चेटकीण बसली होती, खजिनदार हेनिंगच्या बायकोचा जुना स्वेटर घालून. दरवर्षी तिला जाळल्याशिवाय इथे कोणाला उन्हाळा आल्यासारखं वाटत नाही.

“रिग्मोर,” आस्गर हसून म्हणाला. एकोणीस वर्षं अध्यक्ष असलेला माणूस चारचौघांत हसूनच रागावतो. “तुमच्या कुंपणाच्या उंचीचं आपण गुरुवारच्या बैठकीत बघू.”

“आतून आवाज येतोय. ऐक जरा.”

“वाळलेली लाकडं बोलतात.”

“शिट्टी नाही वाजवत.”

“चेटकीण असेल,” हेनिंग म्हणाला. “तो स्वेटर मलाही टोचायचा.”

दोघं-तिघं हसले. आस्गरला हसू आलं नाही. ढीग ज्या दिवशी पेटवायचा त्याच दिवशी सकाळी पूर्ण उपसून पुन्हा रचायचा, म्हणजे आत कोणी शिरून झोपलं असेल तर त्याला निघून जाता येतं, हा नियम मंडळाच्या पुस्तकात त्यानेच लिहिला होता. यंदा सगळ्यांची सुट्टी बघून ते काम शनिवारी उरकलं. आज मंगळवार. फलकावरच्या ‘ढीग उपसून रचला आहे’ या ओळीखाली मात्र आजची तारीख होती, आणि आस्गरची सही.

“शनिवारनंतर इथे कोणी काडीसुद्धा टाकलेली नाही,” तो म्हणाला.

“मी टाकलीय. रविवारी. तीन ढकलगाड्या.” रिग्मोरने बोटं दाखवली. “तुझं तिसरं पत्र आलं ना, बाग क्रमांक एकतीसमधला कुजका पाला तात्काळ हटवा म्हणून. हटवला. इथेच आणून टाका, असंही तूच लिहिलं होतंस.”

“बरं मग?”

“त्या पाल्यात एक हेजहॉग राहायची. पोटुशी होती. उचलताना दिसली नाही. मला वाटलं, गेली असेल दुसरीकडे.” तिने ढिगाकडे पाहिलं. “दुसरीकडे म्हणजे कुठे, आस्गर? बेचाळीस बागांत आता एवढाच पाला उरलाय.”

एवढं बोलून अठ्ठ्याहत्तर वर्षांची रिग्मोर गुडघ्यांवर बसली आणि उघड्या हातांनी फांद्या ओढू लागली. आस्गरने टेंभा हेनिंगच्या हातात दिला. हेनिंगने कोणाला न विचारता तो पाण्याच्या बादलीत बुडवला.

चौथी फांदी निघाली तसा आत पानांचा एक गोळा दिसला. गोळा हलला. मग एक लांबट ओलं नाक बाहेर आलं, त्यामागून पावाच्या लादीएवढं काटेरी अंग. तोंडात पिल्लू होतं. डोळे मिटलेलं, गुलाबी, पाठीवर टूथब्रशसारखे मऊ पांढरे काटे.

माणसांचं रिंगण आपोआप फाटलं. कोणी सूचना न देता सभासदांनी काही केल्याची मंडळाच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ.

हेजहॉग हिरवळीवरून निघाली. आस्गरने आठवड्यातून दोनदा कापून घेतलेल्या त्या हिरवळीवर लपायला गवताची एक उंच काडी नव्हती. दोन्ही बाजूंना साठ-सत्तर माणसं श्वास रोखून उभी. ती पळाली नाही. काम पडलेल्या बाईसारखी लगबगीने चालत राहिली, थेट एकतीस नंबरच्या कुंपणापर्यंत. आणि तिथे अडली.

कुंपणाच्या बुडाशी जाळी होती. गेल्या वर्षी सशांनी कोबी खाल्ला म्हणून मंडळाने एकमताने ठराव करून सगळीकडे लावलेली, वीतभर जमिनीत पुरलेली. ती जाळीच्या कडेने डावीकडे गेली, उजवीकडे गेली, पुन्हा डावीकडे. पिल्लू तोंडात लोंबकळत होतं.

रिग्मोरने आस्गरकडे पाहिलं.

आस्गर पांढऱ्या पँटीनिशी चिखलात टेकला. जाळीखाली बोटं घालून त्याने ती वर ओढली. निघेना. त्याने कामच तसं चोख करून घेतलं होतं. मग मातीसकट एकदम सुटली आणि वीतभर फट पडली. तार बोटांत रुतली.

ती हातभर अंतरावर थांबली. नाक उचलून हवा हुंगली. मग त्याच्या मनगटांखालून आत गेली. काटे बाहीला घासल्याचा बारीक आवाज आला. आस्गरच्या पहिल्या पत्रात ज्यांच्याबद्दल तक्रार होती त्या खाजऱ्या झुडपांच्या रानात ती शिरली आणि थोड्या वेळाने रिकाम्या तोंडाने परत आली. पुन्हा त्याच्या हातांखालून, पुन्हा हिरवळ, पुन्हा ढीग. दुसरं पिल्लू. तिसरं. आस्गरकडे तिने एकदाही पाहिलं नाही. फाटकाच्या खांबाकडे पाहावं तेवढंसुद्धा नाही. का कोण जाणे, त्याला आपण अध्यक्ष झालो त्या दिवसापेक्षा आज मोठा मान मिळाल्यासारखं वाटत होतं.

“पाच,” मागून कोणीतरी कुजबुजलं.

“झालं वाटतं,” हेनिंग हळूच म्हणाला. “सोड आता. बोटातून रक्त येतंय तुझ्या.”

तेवढ्यात ती परत आली. तोंड रिकामं. हिरवळ ओलांडून ढिगात शिरली. पानं खसखसली, थांबली, पुन्हा खसखसली.

“अजून किती असतील?” आस्गरने दबक्या आवाजात विचारलं.

“मला काय विचारतोस?” रिग्मोर म्हणाली. “तिचं बघून होऊ दे.”

चेटकिणीच्या स्वेटरवरून ऊन उतरलं. कोणीही गाणं सुरू केलं नाही. आस्गरने गुडघा बदलला आणि जाळी आणखी बोटभर वर उचलली.